सरकारी गाडीवर पाटी नसली, तरी नंबर असावाच लागतो

उच्च सुरक्षा नंबरप्लेट, म्हणजे सगळे जिला एचएसआरपी म्हणतात ती, जुन्या गाड्यांना बसवण्याची मोहीम महाराष्ट्रात सुरू झाली, तिची मुदत पुन्हा पुन्हा वाढत गेली आणि ठाणे-नवी मुंबईतल्या सोसायट्यांमध्ये एक जुनाच प्रश्न नव्या जोमाने विचारला जाऊ लागला. आपल्या जुन्यापान्या स्कूटरच्या पाटीवरचे अक्षर किती उंच असावे हेसुद्धा सरकार मिलिमीटरमध्ये सांगते; मग तीन हात नाक्याच्या सिग्नलला शेजारी येऊन थांबलेल्या, आत वायरलेस संच दिसणाऱ्या, पण बाहेरून 'पोलीस' हा शब्दही नसलेल्या पांढऱ्या गाडीला हे नियम लागू असतात की नाही, आणि असतील तर ती गाडी कोणाची हे रस्त्यावरच्या माणसाने ओळखायचे कसे?

या प्रश्नात दोन गोष्टींची गल्लत होते. गाडीचा रंग, दारावरचे बोधचिन्ह, काचेमागची 'महाराष्ट्र शासन' ही पाटी, टपावरचा दिवा या सगळ्या झाल्या खुणा. गाडीचा नोंदणी क्रमांक ही दुसरी आणि पूर्णपणे वेगळी गोष्ट. खूण लावायची की नाही, हा बहुतांशी त्या त्या खात्याच्या सोयीचा आणि आदेशांचा भाग आहे. नंबर लावणे मात्र कायद्याने बंधनकारक आहे आणि त्यातून सरकारचीही सुटका नाही. या लेखात 'बिनखुणेची गाडी' म्हणजे सरकारच्या मालकीची, पण बाहेरून तसे न सांगणारी गाडी, एवढाच अर्थ घ्यावा.

नंबर देते कोण, आणि कोणाला?

मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ३९ असे सांगते की, नोंदणी झालेली नसेल आणि नोंदणी क्रमांक ठरलेल्या पद्धतीने लावलेला नसेल, तर कोणतेही मोटार वाहन सार्वजनिक ठिकाणी कोणी चालवू नये आणि मालकानेही ते चालवू देऊ नये. शासनाच्या मालकीची साधी मोटार या नियमातून वगळलेली नाही. त्यामुळे एखाद्या सरकारी कार्यालयाने गाडी घेतली की तिची नोंदणी आपल्या गाडीसारखी प्रादेशिक परिवहन कार्यालयातच होते. ठाण्यात झाली तर एमएच ०४, नवी मुंबईत झाली तर एमएच ४३, कल्याणला एमएच ०५ आणि पनवेलला एमएच ४६. फरक पडतो तो आरसीवरच्या मालकाच्या रकान्यात. तिथे व्यक्तीचे नाव नसते, कार्यालयाचे किंवा पदाचे नाव असते. साहेबांची बदली होते, गाडी आणि तिचा नंबर त्या पदाकडेच राहतात.

नंबर कसा लावायचा हे केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम ५० आणि ५१ मध्ये लिहिलेले आहे. मोटारीच्या पाटीवरचे अक्षर ६५ मिलिमीटर उंच आणि १० मिलिमीटर जाड असावे लागते. एचएसआरपीची पाटी अ‍ॅल्युमिनियमची असते, तिच्यावर अशोकचक्राचा होलोग्राम, लेझरने कोरलेला कायमचा क्रमांक आणि निळ्या रंगात देशाची तीन अक्षरे असतात, आणि ती अशा कुलपाने बसवतात की एकदा काढले तर ते पुन्हा वापरता येत नाही. १ एप्रिल २०१९ पासून तयार झालेल्या गाड्यांना ही पाटी विक्रेत्याकडूनच लागून येते. जुन्यांसाठी ती मागाहून बसवावी लागते. यात 'शासकीय वाहने वगळून' असे शब्द शोधायला गेलात तर सापडणार नाहीत.

खरा अपवाद एकच आहे, आणि तो लष्कराचा. कलम ६० नुसार केंद्र सरकारच्या मालकीच्या किंवा पूर्ण ताब्यातल्या, देशाच्या संरक्षणाच्या कामासाठी वापरल्या जाणाऱ्या आणि कोणत्याही व्यापारी उपक्रमाशी संबंध नसलेल्या वाहनांची नोंदणी केंद्राने नेमलेले वेगळे प्राधिकरण करू शकते, आणि मग त्या वाहनांना आरटीओकडे जावे लागत नाही. उरणजवळच्या करंजाच्या नौदल तळाकडे ये-जा करणाऱ्या ट्रकवर एमएच दिसत नाही, वर टोक असलेला बाण दिसतो आणि त्यापुढे वर्षाचे दोन अंक, तो याच कारणाने. त्यांनाही नंबर असतोच. फक्त त्याची वही दुसऱ्याकडे असते. गाडीला लष्करी हिरवा रंग देण्याची मुभाही नियम १२१ प्रमाणे फक्त संरक्षण दलांच्या वाहनांना आहे, हे हौशी जीपवाल्यांनी लक्षात ठेवलेले बरे.

संसदेला सरकारी वाहनांना सूट देता येत नव्हती असे नाही. जिथे द्यायची होती तिथे तिने ती स्पष्ट शब्दांत दिली आहे. व्यापारी कामाशी संबंध नसलेल्या सरकारी मालवाहू किंवा प्रवासी वाहनाला परवाना लागत नाही, नगरपालिकेच्या रस्ते सफाईच्या गाडीलाही लागत नाही (कलम ६६). आणि अशाच सरकारी वाहनांना विमाही सक्तीचा नाही (कलम १४६). सूट द्यायची हौस इतकी असूनही नंबर लावण्यातून मात्र साध्या सरकारी गाडीला सोडलेले नाही, यावरून कायद्याला नंबराचे महत्त्व किती वाटते ते कळते.

मग सरकारी गाडीला वेगळ्या रंगाची पाटी का नाही?

पाटीचा रंग गाडी कोणाची हे फारसे सांगत नाही, ती कशासाठी वापरली जाते हे सांगतो. पांढऱ्यावर काळी अक्षरे म्हणजे बिगरव्यावसायिक, पिवळ्यावर काळी म्हणजे भाड्याने चालणारी, काळ्यावर पिवळी म्हणजे स्वतः चालवण्यासाठी भाड्याने दिलेली, हिरवी म्हणजे विजेवर चालणारी. परदेशी वकिलातींची निळी पाटी हा मालकी सांगणारा ठळक अपवाद. जिल्हाधिकाऱ्यांची मोटार आणि तुमची मोटार या दृष्टीने एकाच रांगेत बसतात, दोघींची पाटी पांढरी. पुष्कळ कार्यालये हल्ली स्वतःची गाडी न घेता महिन्याच्या कराराने खासगी ठेकेदाराची गाडी घेतात; तिच्या काचेमागे 'भारत सरकार' लिहिलेले असले तरी नंबरप्लेट पिवळीच राहते. बेलापूरच्या कोकण भवनाबाहेर किंवा सिडको भवनाच्या आवारात पाच मिनिटे उभे राहिले की हे दोन्ही प्रकार शेजारी-शेजारी लावलेले दिसतात.

काही राज्यांनी नंबराच्या मालिकेतून खूण पटवण्याची सोय केली आहे. तमिळनाडू आणि कर्नाटकात सरकारी गाड्यांसाठी 'जी' अक्षराची मालिका आहे, त्यामुळे तिथे नंबर वाचूनच गाडी सरकारी आहे हे समजते. आपल्याकडे असा सरसकट ठोकताळा लावता येत नाही. ठाण्याच्या खोपट स्थानकातून सुटणाऱ्या एसटीवर एमएच १४, एमएच २० किंवा एमएच ४० दिसते, कारण महामंडळाच्या मध्यवर्ती कार्यशाळा दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा इथे आहेत आणि गाडीची बांधणी जिथे होते तिथल्या आरटीओचा क्रमांक तिला मिळतो. म्हणजे नंबरावरून गाडी कुठे नोंदली हे कळते, ती कुठली आणि कोणाची हे कळेलच असे नाही.

खुणा ठरवतात कोण?

दिवा, भोंगा आणि राजमुद्रा या तीन खुणांवर कडक नियम आहेत. बाकीच्या खात्यांच्या आदेशांवर चालतात.

लाल दिव्याचा इतिहास वाचकांना ठाऊक असेल. डिसेंबर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचा वापर मोजक्या घटनात्मक पदांपुरता आणला आणि १ मे २०१७ पासून केंद्र सरकारने नियम १०८ बदलून मान्यवरांचा दिवा पूर्णच काढून घेतला. आता लाल-निळा-पांढरा झगमगता दिवा फक्त आपत्कालीन आणि आपत्ती व्यवस्थापनाच्या कामावरच्या वाहनांसाठी आहे. अनेक सुरांचा भोंगा नियम ११९ प्रमाणे रुग्णवाहिका, अग्निशमन, पोलीस आणि आणखी थोड्यांपुरता मर्यादित आहे.

राजमुद्रेची गोष्ट अधिक बोलकी आहे. राष्ट्रपती, उपराष्ट्रपती आणि राज्यपालांच्या मोटारींवर वर्षानुवर्षे नंबरच्या जागी चार सिंहांची राजमुद्रा असे. त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात याचिका झाली. याचिकाकर्त्यांचे म्हणणे होते की, नंबर नसलेली गाडी उलट चटकन नजरेत भरते, आणि तिच्याकडून अपघात झाला तर जखमी माणसाला दाद मागायला काही धागाच उरत नाही. २०१८ मध्ये न्यायालयाने या गाड्यांचीही नोंदणी करून त्यांच्यावर क्रमांक लावण्यास सांगितले. राजमुद्रा मिरवायला कोणाची हरकत नव्हती. ती नंबरची जागा घेऊ शकत नाही, एवढाच मुद्दा होता. देशातल्या सर्वोच्च पदाच्या मोटारीला जी सवलत मिळाली नाही, ती एखाद्या उपविभागीय कार्यालयाच्या जीपला मिळण्याचा प्रश्नच येत नाही.

बिनखुणेची गाडी लागते कशाला?

खुणांचे महत्त्व एवढे, तर प्रत्येक सरकारी गाडीवर मोठ्या अक्षरांत नाव लिहिण्याची सक्ती का नको, असा पुढचा प्रश्न येतो. त्याचे उत्तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या सापळ्याकडे पाहिले की मिळते. तक्रार १०६४ या क्रमांकावर किंवा कार्यालयात आली की ती पडताळली जाते. मग दोन पंचांसमोर नोटांचे क्रमांक लिहून त्यांना अँथ्रासिन पावडर लावली जाते, जी उघड्या डोळ्यांना जवळपास दिसत नाही आणि अतिनील दिव्याखाली चमकते. तक्रारदार नोटा घेऊन आत जातो, पथक बाहेर थांबते, इशारा मिळाला की आत शिरते आणि लाच घेणाऱ्याचे हात दिव्याखाली धरते. हा सगळा खेळ ज्या अर्ध्या-पाऊण तासावर अवलंबून असतो, त्या वेळात कार्यालयाच्या फाटकासमोर 'पोलीस' लिहिलेली गाडी उभी असेल, तर नोटा कोणी हातात घेणार नाही.

अमली पदार्थांविरुद्धची पाळत, न्हावा-शेवा बंदरातून निघालेल्या संशयित कंटेनरचा माग, प्राप्तिकराची झडती, धोक्यात असलेल्या साक्षीदाराची किंवा सुटका केलेल्या मुलीची ने-आण, या सगळ्यांना तोच न्याय लागू होतो. शेवटच्या प्रकारात तर खूण नसणे हे सरकारच्या सोयीसाठी नसते, त्या मुलीच्या अब्रूसाठी असते. पोलिसांच्या गाडीतून उतरताना शेजाऱ्यांनी पाहिले की चाळीत काय बोलले जाते, हे वेगळे सांगायला नको.

तरीही या गाडीला खरा नंबर असतो. दारावरची नावाची पाटी काढून टाकली म्हणून फ्लॅटचा क्रमांक जात नाही, सोसायटीच्या वहीतले मालकाचे नावही पुसले जात नाही. फक्त जिन्यातून जाणाऱ्याला आत कोण राहते ते वाचता येत नाही. बिनखुणेच्या सरकारी गाडीला कायदा एवढाच आडोसा देतो.

या बाबतीत अमेरिकेच्या केंद्र सरकारची पद्धत पाहण्यासारखी आहे. तिथे सरकारी ताफ्यातल्या गाडीवर सरकारी नंबरप्लेट, खात्याचे नाव आणि 'केवळ शासकीय वापरासाठी' अशा अर्थाची ओळ असणे हा मूळ नियम आहे. ओळख उघड केल्याने आतल्या माणसांना धोका होईल किंवा काम फसेल, असे खातेप्रमुखाने लेखी प्रमाणित केले तर ठराविक काळापुरती सूट मिळते. गुप्तवार्ता, संरक्षण आणि गुन्हे तपासाच्या गाड्यांसाठी ती अधिक सैल आहे. सूट मिळालेल्या गाडीवर ती मुख्यतः ज्या राज्यात फिरते तिथली साधी पाटी लागते. म्हणजे तिथे खूण लावणे हा नियम, न लावणे हा लेखी कारण द्यावा लागणारा अपवाद. आपल्या मोटार वाहन कायद्यात खुणेबद्दल असा नियम नाही आणि म्हणून अपवादाचीही व्यवस्था नाही. माझ्या मते ही उणीव आहे. ज्या गाडीला लपण्याचे कारण आहे तिला लपू द्यावे, पण ते कारण कोणीतरी सही करून फाइलमध्ये लिहिलेले असावे. एरवी कार्यालयाची गाडी शनिवारी माळशेजला भजी खायला गेली, तरी ती 'गोपनीय कामावर' होती असे म्हणायला वाव राहतो.

नंबर उघड असेल, तर गुन्हेगार तो शोधून काढणार नाहीत का?

ही शंका रास्त आहे. कोणाच्याही मोबाइलवर एमपरिवहन अ‍ॅप असते, त्यात नंबर टाकला की गाडीचा प्रकार, नोंदणीचे कार्यालय आणि वैधता समजते. मात्र मालकाचे नाव आता पूर्ण दिसत नाही, मधली अक्षरे झाकलेली असतात. ही सोय मुळात सामान्य माणसाच्या खासगीपणासाठी असली तरी तिचा लाभ सरकारी गाड्यांनाही मिळतो. पूर्ण नोंद आरटीओकडे आणि तपास यंत्रणांकडे असते, म्हणजे ज्याला अधिकार आहे त्याला काही मिनिटांत मालक कळतो आणि ज्याला नाही त्याला कळत नाही. गुप्तता राखायला एवढी व्यवस्था पुरेशी आहे. त्यासाठी खोटा नंबर लावण्याची मुभा मोटार वाहन कायद्याने कोणत्याही खात्याला दिलेली नाही.

खोट्या नंबरामुळे काय होऊ शकते हे ठाणेकरांना सांगायला नको. फेब्रुवारी २०२१ मध्ये दक्षिण मुंबईत एका उद्योगपतीच्या घराजवळ जिलेटिनच्या कांड्या ठेवलेली स्कॉर्पिओ सापडली, तिच्यावरची पाटी बनावट निघाली. ती गाडी ज्या ठाण्याच्या व्यावसायिकाकडे होती, त्यांचा मृतदेह थोड्याच दिवसांत मुंब्र्याच्या रेतीबंदरजवळ खाडीत मिळाला. स्कॉर्पिओच्या मागे असलेली पांढरी इनोव्हा मुंबई पोलिसांच्याच वापरातली होती, असे राष्ट्रीय तपास संस्थेचे म्हणणे आहे. तपासात मिठी नदीतून नंबरप्लेटही बाहेर काढण्यात आल्या. खटला न्यायालयात असल्यामुळे दोष कोणाचा यावर इथे बोलणे योग्य नाही. तपासाची किती शक्ती पाट्यांमागे खर्च झाली, एवढे मात्र त्यातून दिसते.

आणि खासगी गाडीवर 'महाराष्ट्र शासन' लिहिले तर?

हा बिनखुणेच्या गाडीच्या बरोबर उलटा प्रकार, आणि रस्त्यावर तो कितीतरी जास्त दिसतो. सरकारी नोकरीत असलेल्या माणसाची स्वतःची गाडी ही खासगी गाडीच असते; नोकरी त्याची आहे, गाडीची नाही. नंबरप्लेटवर नोंदणी क्रमांकाशिवाय पद, खाते, संघटना, दादा-भाऊ-साहेब यांपैकी काहीही लिहिता येत नाही. त्याबद्दल कलम १७७ खाली पहिल्या वेळी ५०० आणि पुढे १,५०० रुपयांपर्यंत दंड आहे. २०२४ मध्ये पुण्यात एका प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याच्या खासगी मोटारीवरचा दिवा आणि 'महाराष्ट्र शासन' ही पाटी राज्यभर गाजली, आणि तेव्हा कुठे अनेकांना समजले की हा केवळ शिष्टाचाराचा भंग नसून नियमभंग आहे.

दंडाची रक्कम किरकोळ असली तरी गोष्ट तिथेच थांबेल असे नाही. लोकसेवक असल्याचा बहाणा करून त्या पदाच्या आडून काही केले, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २०४ खाली किमान सहा महिने आणि कमाल तीन वर्षे कैदेची तरतूद आहे. लोकांना फसवण्याच्या हेतूने लोकसेवकाचा पोशाख किंवा चिन्ह बाळगले, तर कलम २०५ आहे. डॅशबोर्डवर खाकी टोपी ठेवून नो-पार्किंगमध्ये गाडी लावणाऱ्यांनी हे कलम एकदा वाचावे.

सरकारी गाडीला चलान बसते का?

बसते. कॅमेरा पाटी वाचतो, पद वाचत नाही. सिग्नल तोडण्याची, वेगमर्यादा ओलांडण्याची मुभा अग्निशमन, रुग्णवाहिका, पोलीस अशा वाहनांना आहे, पण ती ड्युटीवर असताना, दिवा आणि भोंगा चालू ठेवून आणि पुरेशी खबरदारी घेऊन. बैठकीला उशीर होणे ही आपत्कालीन स्थिती नव्हे. २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात कलम २१०बी आले. त्यानुसार, हा कायदा राबवण्याचा अधिकार ज्याच्याकडे आहे, त्यानेच कायदा मोडला तर त्याला दुप्पट शिक्षा. वाहतूक पोलीस विनाहेल्मेट दिसला की लोक मोबाइल काढतात, त्यामागे या कलमाची माहिती असतेच असे नाही, पण ते आहे.

दंड भरणार कोण, हा प्रश्न कलम १३३ सोडवते. त्या वेळी गाडी कोण चालवत होता हे सांगणे मालकाचे कर्तव्य आहे, आणि सरकारी गाडीच्या बाबतीत ते सांगायला लॉगबुक असते. निळ्या किंवा हिरव्या पुठ्ठ्याची, चालकाच्या शेजारच्या कप्प्यात दुमडून ठेवलेली ही वही गाडीच्या नंबरइतकीच महत्त्वाची आहे. तारीख, निघतानाचे मीटर, परत आल्यावरचे मीटर, कुठून कुठे, कशासाठी आणि प्रवास केलेल्या अधिकाऱ्याची सही, हे सगळे तिच्यात भरायचे असते. माहिती अधिकारात या वहीच्या पानांची प्रत मागता येते. चालू तपासाला किंवा कोणाच्या जिवाला धोका होईल अशी पाने कार्यालय नाकारू शकते, पण साध्या कार्यालयीन गाडीबद्दल ते कारण टिकणे अवघड आहे.

टोलबाबतही एक गैरसमज आहे. राष्ट्रीय महामार्गांवर सरकारी गाडी आहे म्हणून टोल माफ, असा नियम नाही. सूट ठराविक पदांना, संरक्षण खात्याला, गणवेशातल्या दलांना, अग्निशमन, रुग्णवाहिका अशांना आहे. ऐरोली, वाशी आणि मुलुंडच्या नाक्यांवर ऑक्टोबर २०२४ पासून हलक्या वाहनांना टोलच उरला नसल्याने आपल्या भागात हा वाद थंडावला, इतकेच.

काळ्या काचांचा विषयही याच रांगेतला. एप्रिल २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गाडीच्या काचांवर काळी फिल्म चिकटवण्यास मनाई केली. अपवाद ठेवला तो झेड आणि झेड प्लस सुरक्षा असलेल्यांपुरता, तोही परवानगी घेऊन. नुसते 'सरकारी काम' हे कारण त्यात बसत नाही.

साध्या वेशातल्या माणसांनी बिनखुणेच्या गाडीतून उतरून थांबवले तर?

पामबीच रस्त्यावर किंवा घोडबंदरच्या सेवा रस्त्यावर रात्री असे घडले, तर ते खरे की खोटे हे जागच्या जागी ओळखणे कठीण असते. कायदा इथे नागरिकाच्या बाजूने एक गोष्ट स्पष्ट सांगतो. कलम १३० प्रमाणे परवाना मागण्याचा अधिकार 'गणवेशातील' पोलीस अधिकाऱ्याला आहे. साध्या वेशातले पोलीस गुन्ह्याचा तपास करू शकतात, अटकही करू शकतात. पण नुसती कागदपत्रे तपासायची असतील तर अंगावर वर्दी हवी. आणि अटक करायची असेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३६ नुसार अधिकाऱ्याच्या अंगावर त्याचे नाव स्पष्ट दिसेल अशी ओळख असली पाहिजे, अटकेचा पंचनामा साक्षीदाराच्या सहीने झाला पाहिजे आणि नातेवाइकाला कळवण्याचा हक्क सांगितला पाहिजे.

अशा वेळी हुज्जत घालू नये आणि पळूही नये. दारे आतून बंद ठेवून, काच थोडी खाली करून ओळखपत्र मागावे, समोरच्या गाडीचा नंबर मोठ्याने वाचावा आणि ११२ वर फोन लावून तोच नंबर सांगावा. गाडी खरोखर पोलिसांची असेल, तर नियंत्रण कक्षाला ते पडताळता येते आणि खऱ्या पोलिसाला त्याचा राग येण्याचे कारण नाही. पाटीच नसेल, चिखल फासलेला असेल किंवा एखादा अंक चिकटपट्टीने झाकलेला असेल, तर तेही फोनवर सांगावे. ती गाडी सरकारी असो की नसो, त्या अवस्थेत तिला रस्त्यावर येण्याचा हक्कच नाही.

अपघात झाला आणि गाडीला विमा नसला तर?

वर सांगितल्याप्रमाणे सरकारी गाडीला विम्याची सक्ती नाही, आणि हे ऐकून अनेकांचा धीर सुटतो. पण विमा नसणे म्हणजे भरपाई नसणे असे होत नाही. विमा कंपनीच्या जागी सरकार स्वतः उभे राहते. उदयपूरच्या जिल्हाधिकाऱ्यांची सरकारी जीप दुरुस्तीहून परत आणताना चालकाने पादचाऱ्याला उडवले आणि त्याचा मृत्यू झाला. त्याच्या पत्नीने राजस्थान सरकारवर दावा केला. नोकराच्या निष्काळजीपणाची जबाबदारी इतर मालकांप्रमाणे राज्यावरही येते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये ठरवले. 'विद्यावती' या नावाने ओळखला जाणारा तो निकाल आजही आधाराला घेतला जातो.

हा दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे करायचा असतो. कायद्यात त्यासाठी अपघातापासून सहा महिन्यांची मुदत लिहिलेली आहे, म्हणून वाट पाहत बसू नये. दाव्यासाठी लागणारी पहिली गोष्ट म्हणजे नंबर. तो मिळाला की पोलीस आरटीओकडून मालकाचे पद काढतात, कलम १३३ खाली चालकाचे नाव मागतात आणि लॉगबुक ताब्यात घेतात. मग गाडीवर कोणत्या खात्याचे नाव होते की नव्हते, याला महत्त्व उरत नाही. नंबर न मिळाल्यास प्रकरण 'अज्ञात वाहन' म्हणून नोंदले जाते आणि मग केंद्राच्या योजनेतली ठरीव रक्कम तेवढी हाती पडते, मृत्यूसाठी दोन लाख आणि गंभीर दुखापतीसाठी पन्नास हजार रुपये. न्यायाधिकरण मृताचे वय, कमाई आणि अवलंबून असलेली माणसे पाहून रक्कम ठरवते, आणि कमावता माणूस गेलेल्या घरासाठी ती सहसा याच्या कितीतरी पट असते.